तुले कोनी सांगं?

दूरध्वनी खात्यात मी लाइनमन म्हणून लागलो तेव्हा पारोळा-अमळनेर पट्ट्यातल्या कितीतरी गावांत एकच फोन असायचा, तोही किराणा दुकानात. निरोप आला की दुकानदार पोरगं पळवायचा, आणि निरोप कोणाचा, कुठून आला, हे अर्ध्या गल्लीला पोरगं पोचायच्या आधीच ठाऊक व्हायचं. निवृत्तीनंतर आता वाचनालयांत मोबाईलचे वर्ग घेतो. वर्ग संपला की लोक चिठ्ठ्या देतात, काही जण सावकाश पत्र लिहितात. यंदाची निवडक खाली दिली आहेत. नावं काढली आहेत, गावं ठेवली आहेत.

मोठ्या मुलाच्या लग्नाची पत्रिका सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवली. मामेसासरे रुसले. "आम्ही काय ग्रुपमधले पाव्हणे का?" म्हणाले आणि लग्नाला आले नाहीत. आता वैशाखात मुलीचं लग्न आहे. घरोघर पत्रिका वाटायची तर पेट्रोलच किती लागेल! काय करू? – गृहिणी, अमळनेर

ताई, मामेसासऱ्यांचं मला पटतं. आपल्याकडे पत्रिका म्हणजे कागद नव्हेच. कोणीतरी उन्हातान्हात दारात येतं, पाणी पितं, अक्षता हातावर ठेवतं आणि "तुमच्याशिवाय मांडव उभा राहायचा नाही" असं खोटं का होईना म्हणतं, ती पत्रिका. तुमच्या मेसेजमधून नेमकं तेवढंच गळालं. तारीख, वेळ, मंगल कार्यालय सगळं पोचलं, बोलावणं तेवढं राहिलं.

दोन याद्या करा. वयानं आणि नात्यानं मोठी असलेली पंधरा-वीस घरं पहिल्या यादीत. तिथं कोणीतरी प्रत्यक्ष जायचं. बाकीच्यांना आधी फोन, दोन मिनिटं बोलणं, आणि मग "आता पत्रिका पाठवते हं" म्हणून मेसेज. हा क्रम उलटा करू नका. मामेसासऱ्यांकडे मात्र यजमानांना घेऊन तुम्ही स्वतः जा, आणि मागच्या वेळचा विषय त्यांनी काढला तर मोबाईलला दोष देऊ नका. "चुकलं" म्हणा.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक सांगतो. लग्नसराईत अनोळखी नंबरवरून पत्रिका म्हणून एक फाईल येते, तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. ती पत्रिका नसते, ते एक ॲप असतं. उघडून बसवून घेतलं की तुमचे मेसेज वाचायला लागतं, बँकेचे ओटीपीसुद्धा, आणि खातं साफ होतं. कधीकधी ती ओळखीच्या नंबरवरूनही येते, कारण त्या बिचाऱ्याचा फोन आधीच गेलेला असतो. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. चुकून बसवलंच, तर आधी इंटरनेट बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. तुमच्या पत्रिकेसोबत पाहुण्यांनाही हे लिहून पाठवा, "आमची पत्रिका फोटोच्या रूपात आहे" म्हणून.

सकाळी केळीचे भाव पाच ग्रुपवर पाच येतात. व्यापारी बांधावर आला की त्यातला सगळ्यात कमी दाखवतो. दुसरं, केळीवरच्या सीएमव्ही रोगावर एका रीलमध्ये औषध सांगतात, एका फवारणीत रोग जातो म्हणे. मागवू का? – शेतकरी, रावेर तालुका

औषध मागवू नका. आधी हेच, कारण त्यात पैसे जाणार आहेत. सीएमव्ही हा विषाणू आहे, मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि लागण झालेलं झाड बरं करणारी फवारणी नाही. झाड मुळासकट उपटून नष्ट करायचं, माव्याचा बंदोबस्त करायचा, बागेत आणि आजूबाजूला काकडी, भोपळा अशी वेलवर्गीय पिकं घ्यायची नाहीत. हे ऐकायला कोणाला आवडत नाही. रीलमधला माणूस आवडेल ते सांगतो, आणि खाली नंबर देतो. त्याच्या मागची बाग नीट बघा, बऱ्याचदा ती केळीचीसुद्धा नसते. जळगावच्या केळी संशोधन केंद्रात किंवा तुमच्याच तालुक्यातल्या पालच्या कृषी विज्ञान केंद्रात पानाचा फोटो नाही, पान घेऊन जा.

भावाचं दुखणं जुनं आहे, फक्त त्याला आता पंख फुटलेत. नवती, पिलबाग, कांदेबाग या केळीच्या बागांचे भाव वेगळे, मालाची प्रत वेगळी, बऱ्हाणपूरचा भाव वेगळा. फॉरवर्डमध्ये आकडा राहतो आणि ते कशाचं, कुठलं, कोणत्या दिवसाचं, हे गळून जातं. मी एका वर्गात बसलेल्या शेतकऱ्यांना त्यांच्या फोनमधला "आजचा भाव" काढायला सांगितलं होतं. एकाचा आजचा भाव आठ दिवसांपूर्वीचा निघाला. तारीख कापून कोणीतरी पुढे ढकललेला.

तुमच्या गावातल्या वीस-पंचवीस केळी उत्पादकांचाच एक ग्रुप करा आणि त्यात एकच नियम ठेवा. भाव टाकायचा नाही, वजनाच्या पावतीचा फोटो टाकायचा, तारखेसकट. माल कोणता, प्रत कशी, एवढ्या दोन शब्दांचीच परवानगी. महिनाभरात व्यापाऱ्याला दाखवायला तुमच्याकडे पुरावा तयार होईल. सुरुवातीला लोक पावती टाकायला लाजतील, खरा भाव सांगायला आपल्याकडे जीवावर येतं. पहिली पावती तुम्ही टाका.

मुलगा नववीत आहे. रात्री एक-दीडपर्यंत रील्स बघतो. फोन हिसकावला तर दोन दिवस जेवला नाही. त्याचे वडील म्हणतात, फोनच फोडून टाकतो. – आई, देवपूर, धुळे

फोन फोडून उपयोग नाही, दुसरा येतो. २०२० च्या जूनअखेरीस सरकारनं टिकटॉकसकट ५९ ॲप बंद केली. जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणली, सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्स. ॲप गेलं, अंगठा जिथे होता तिथेच राहिला.

आधी हे समजून घ्या की पोरगं बिघडलेलं नाही. पुस्तकाला पान संपतं, शेवभाजीची वाटी संपते, तमाशाचासुद्धा पडदा पडतो. संपलं की माणूस मान वर करतो आणि किती वाजले बघतो. फोनच्या पडद्यावरून ही मान वर करायची जागाच काढून टाकली आहे. खाली सरकवत राहा, संपतच नाही. अझा रास्किन नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञानं २००६ मध्ये ही युक्ती काढली आणि पुढे त्याचा त्याला पश्चात्ताप झाल्याचं त्यानंच जाहीरपणे सांगितलं. दुसरी युक्ती त्याहून जुनी. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दरवेळी दाणा मिळत असेल तर पोट भरल्यावर कबूतर थांबतं. दाणा कधी मिळेल, कधी मिळणार नाही, असं असेल तर ते चोच मारतच राहतं. दहा रील्स टुकार, अकरावी झकास. मुलगा अकरावीसाठी जागतो.

आता करायचं काय? रात्री दहानंतर घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात, एकाच बोर्डावर चार्जिंगला. सगळे म्हणजे वडिलांचाही. ही अट सोडली तर बाकीचं वाचूच नका. गजर लावायला फोन लागतो ही सबब चालणार नाही, साधं गजराचं घड्याळ आणा. मग त्याच्या खात्यावरचं जन्मवर्ष तपासा, त्याच्याच समोर, त्याच्या हातानं. इन्स्टाग्रामला किमान वय १३ आहे आणि आता १३ ते १७ वयाच्या मुलांना वेगळ्या प्रकारचं खातं मिळतं. ते आपोआप खासगी राहतं, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन शांत असतात, आणि सोळाच्या आतल्या मुलाला त्यातलं काही सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. पण हे सगळं जन्मवर्ष खरं असेल तर. आपल्या पोरांची खाती बघाल तर अर्धी शाळा १९९५ साली जन्मलेली असते.

ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना अशी खातीच बंद केली. आपल्याकडेही करा असं बरेच पालक म्हणतात. माझं मन तिकडे कलत नाही, कारण आपल्या घरात फोन मुलाचा नसतोच, तो बापाचा असतो आणि खातं आईच्या नंबरवर असतं.

आणि दोन दिवस जेवला नाही म्हणालात ना, तिसऱ्या दिवशी जेवला. तेवढं लक्षात असू द्या.

गावच्या ग्रुपचा मी ॲडमिन आहे, अडीचशे जण आहेत. "बाहेरची टोळी फिरतेय, मुलं सांभाळा" असा मेसेज आला. काढला तर लोक म्हणतात, "उद्या काही झालं तर तू जबाबदार." ठेवला तर पोलीस मलाच धरतील का? – ग्रामपंचायत सदस्य, साक्री तालुका

दादा, तुम्ही साक्री तालुक्यातून हे लिहिलंत म्हणून माझा हात थोडा थरथरला. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण तुमच्या ग्रुपमधली जी पोरं आज अठराची आहेत, ती तेव्हा दहा-अकराची होती. त्यांच्यासाठी सांगतो.

१ जुलै २०१८, रविवार, तुमच्याच तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षुकीसाठी आली होती. पिढ्यान्‌पिढ्या ती अशीच फिरतात. त्याआधी कित्येक दिवस मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. बाजारातल्या कोणालातरी संशय आला, ओरड झाली, जमाव जमला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथंच मारून मारून जीव घेतला. मारणाऱ्यांच्या शेजारी उभे राहून लोक व्हिडिओ काढत होते. त्या मेसेजला खरेपणाचा कसलाही आधार निघाला नाही.

त्याच दिवशी रात्री मालेगावातही असाच जमाव जमला होता. तिथं पोलीस आणि काही स्थानिक माणसं आडवी आली, म्हणून ती माणसं वाचली.

त्या वर्षी देशभर जे व्हिडिओ फिरले त्यात एक होता मोटरसायकलवरून मूल उचलून नेण्याचा. तो पाकिस्तानातल्या कराचीत केलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. त्याच्या शेवटी मूल परत आणून देतात आणि "मूल पळवायला एवढाच वेळ लागतो" अशा अर्थाची पाटी दाखवतात. शेवट कापला, आणि उरला तो पुरावा म्हणून फिरला. केळीच्या भावावरची तारीख कापतात तशीच ही कात्री, फक्त इथं पाच माणसं गेली. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे २०२० मध्ये खूपदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी, अशी. अशा मेसेजवर दोन बाण दिसतात. ते दिसले की एवढं समजा, की लिहिणारा तुमच्या ओळखीचा नाही आणि पाठवणाऱ्याच्याही ओळखीचा नाही.

माझी आजी निरक्षर होती. कुठलीही बातमी घेऊन घरात शिरलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुले कोनी सांगं?" बातमी काय हे नंतर. आधी सांगणारा. सांगणारा कोण यावर ती ठरवायची की चुलीवरचं भांडं उतरवून ऐकायचं की भाकरी थापत. दोन बाणांच्या मेसेजला या प्रश्नाचं उत्तरच नसतं, आणि आजीच्या हिशेबानं तो भाकरी थापत ऐकायचासुद्धा नाही.

आता कायदा. समाजमाध्यमांवरच्या लिखाणाला लावलं जाणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ लाच रद्द केलं, त्याची भीती घालणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. केवळ ॲडमिन आहे म्हणून सदस्याच्या पोस्टसाठी त्याला दोषी धरता येत नाही, त्यात त्याचा समान हेतू असावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं आहे. पण भीती पसरवणारी खोटी अफवा पसरवणं हा गुन्हा आहेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ बघा. म्हणजे मेसेज तुम्ही स्वतः पुढे ढकललात तर तुमची ॲडमिनकी तुम्हाला वाचवणार नाही.

करायचं ते असं. मेसेज सर्वांसाठी काढून टाका, ॲडमिनला ते करता येतं. रात्रीपुरतं "फक्त ॲडमिन लिहू शकतील" हे सेटिंग लावा. जवळच्या पोलीस ठाण्यात खरोखर फोन करा, नाहीतर ११२ ला. मग स्वतःच्या नावानं लिहा: "मी अमुक वाजता ठाण्यात विचारलं. अशी कुठलीही तक्रार नाही. गावात अनोळखी माणूस दिसला तर हात लावू नका, मला किंवा पोलीस पाटलांना फोन करा." खाली नाव. काल्पनिक फोनचा मेसेज टाकू नका, नाहीतर तुम्हीही त्याच रांगेत.

"तू जबाबदार" म्हणणाऱ्यांना विचारा, मेसेज खरा असेल तर खाली तुमचं नाव आणि नंबर टाकता का? मी हे चार गावांत विचारून पाहिलं. एकानंही टाकला नाही.

अहिराणीत छोटे विनोदी व्हिडिओ करते. लोकांना आवडतात. घरी म्हणतात, "आपली भाषा जगाले दाखाडीसन हसू करी ऱ्हायनी." यातून खरंच पैसे मिळतात का? – विद्यार्थिनी, शहादा

करत राहा. घरच्यांची पिढी अहिराणी घरात बोलली आणि शाळेच्या फाटकाशी ठेवून आत गेली. जळगावला बसमध्ये मोठ्यानं अहिराणी बोललं की लोक वळून बघायचे, हे मी पाहिलेलं आहे. आज लग्नाच्या वरातीत अहिराणी गाणं लागलं नाही तर पोरं डीजेवाल्याला सोडत नाहीत. हा बदल कुठल्याही सरकारी समितीनं घडवला नाही, तो असाच फोनवरून झाला. मालेगावच्या हौशी मंडळींनी तर स्मार्टफोन येण्याच्या कितीतरी आधी साध्या कॅमेऱ्यावर आपल्या बोलीतले सिनेमे काढले. बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची गाणी मुलानं आणि आप्तांनी कागदावर उतरवली म्हणून उरली. त्यांच्या असोद्याच्या शेजारपाजारच्या किती बायकांची जात्यावरच दळून गेली असतील!

पैशांचं स्पष्ट सांगतो. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं गेलेलं हवं, किंवा शॉर्ट्सना ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. तिथे पोचल्यावरही छोट्या व्हिडिओंचे पैसे अगदी किरकोळ. शिक्षण सोडू नका, एवढ्या भरवशाचं हे नाही. दुसऱ्याचं गाणं मागे लावू नका, पैसे त्याच्याकडे जातात. घराचा नंबर, कॉलेजची वेळ, रोजचा रस्ता व्हिडिओत दिसू देऊ नका. घाणेरड्या कमेंटला उत्तर द्यायचं नाही, ब्लॉक करायचं. आणि कोणी फोटो बिघडवून धमकी दिली तर पैसे देऊ नका, मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि त्याच दिवशी आईला सांगा. आई ओरडेल. तरी सांगा.

"तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे" असा व्हिडिओ कॉल आला. गणवेशातला माणूस होता. मी दोन तास खोलीत बसून होतो. – निवृत्त शिक्षक, चाळीसगाव

गुरुजी, डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि चौकशीसाठी "तपासून परत देतो" म्हणून पैसे घेत नाहीत. गणवेश भाड्यानं मिळतो, गॅदरिंगला तुम्हीच आणला असेल. पैसे दिले असतील तर हे वाचणं थांबवून आत्ता १९३० लावा. पहिल्या तासाभरात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. दिले नसतील तरी तक्रार नोंदवा. आणि लाजू नका. ज्यांनी आयुष्यभर कायदा पाळला तीच माणसं यात जास्त सापडतात, बेरकी माणूस फोन कापून मोकळा होतो.

रोज सकाळी शंभरभर फुलं आणि सुविचार येतात. फोन भरला म्हणून नातू ओरडतो. मुलगी सुरतेला असते, यंदा आखाजीलाही (अक्षय तृतीयेलाही) आली नाही. तिचाही फुलाचाच फोटो आला. – एक आजी, पारोळा

माय, फोन भरतो त्याचा इलाज सोपा आहे. नातवाला सांगा, व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' उघड, तिथं 'मीडिया ऑटो डाउनलोड'मधल्या सगळ्या खुणा काढ. मग फुलं येतील, पण तुम्ही बोट लावल्याशिवाय फोनमध्ये उतरणार नाहीत. सुविचार पाठवणाऱ्यांवर रागावू नका, त्यातली बरीचशी तुमच्यासारखीच एकटी माणसं आहेत. ती फक्त हजेरी लावतात.

मुलीच्या फुलाला फुलानं उत्तर देऊ नका. खालचं गोल माईकचं चिन्ह दाबून धरा आणि आखाजीचं झोक्यावरचं एक गाणं म्हणा, जेवढं आठवेल तेवढं. बोट सोडलं की ते सुरतेला जातं. पहिल्यांदा अर्ध्यातच बोट सुटेल, माझ्या वर्गात सगळ्यांचंच सुटतं. परत दाबा.